कोबीवरील औषधाची परीक्षा आपल्याच शेतात

(मुकुंदवाडी येथे भाजीपाला उत्पादक शेतकऱ्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



कोबीवर कोणते औषध मारावे, हा प्रश्न आपण कृषि सेवा केंद्रात विचारता, शेजाऱ्याला विचारता आणि आम्हालाही विचारता. आज त्याचे उत्तर मी एका औषधाचे नाव घेऊन देणार नाही. मागच्या हंगामात चाललेले औषध यंदा चालेलच असे नसते. करमाडच्या शेतात चाललेले औषध मुकुंदवाडीच्या शेतात तसेच चालेल असेही नसते. म्हणून औषध लागू पडले की नाही, हे ओळखण्याची रीत मी आज सांगणार आहे. कृषि विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर हीच रीत वापरतात. दोन गुंठे जागा, एक वही आणि थोड्या खुंट्या एवढ्या सामानावर ती आपल्यालाही जमण्यासारखी आहे.

मुकुंदवाडी, चिकलठाण्याच्या बाजूने जालना रस्त्यालगत शहर वाढत गेले आणि शेती मागे सरकली. पाण्याची किंमत तर इथल्या लोकांना सांगायलाच नको. २०१९ च्या टंचाईत मुकुंदवाडीची मुले रेल्वेने औरंगाबाद स्थानकावर जाऊन पाणी भरून आणत होती. अशा भागात पत्ताकोबीचे पीक उभे करायचे म्हणजे पाणी, रोपे, खत आणि मजुरी यांचा मोठा खर्च येतो. त्यावर चार-सहा फवारण्या केल्या आणि अळी तशीच राहिली, तर औषधाच्या पैशाबरोबर ते पाणीही वाया गेले असे समजावे.

किडीची ओळख

कोबीवर मावा, तंबाखूची पाने खाणारी अळी, पाने गुंडाळून जाळी करणारी अळी, गड्डा पोखरणारी अळी अशा अनेक किडी येतात. पण सर्वांत जास्त सतावणारी कीड म्हणजे चौकोनी ठिपक्याचा पतंग. आपण तिला ‘डायमंड’ किंवा ‘डीबीएम’ म्हणतो. पतंग लहान, करड्या-तपकिरी रंगाचा असतो. तो पंख मिटून बसला की पाठीवर शंकरपाळ्यासारखे फिकट ठिपके दिसतात. मादी पानाच्या खालच्या बाजूस शिरांजवळ एकेकटी किंवा थोडी थोडी पिवळसर अंडी घालते. अंड्यातून निघालेली अळी आधी पानाच्या आत शिरते. मग बाहेर येऊन खालचा हिरवा भाग खरवडून खाते आणि वरचा पातळ पापुद्रा तसाच ठेवते. त्यामुळे पानावर काचेच्या खिडकीसारखे ठिपके दिसतात. पुढे पानाला भोके पडतात.

अळी हिरवी आणि दोन्ही टोकांना निमुळती असते. तिला काडी लावली की ती वळवळत मागे सरकते आणि रेशमाच्या धाग्याने खाली लोंबकळते. ही खूण लक्षात ठेवा. उबदार हवेत अंड्यापासून पतंगापर्यंत साधारण १५ ते २० दिवस पुरतात. म्हणजे आपल्या एका पिकात या किडीच्या चार-पाच पिढ्या होतात. औषधाला सरावण्याची तिची ताकद या भराभर होणाऱ्या पिढ्यांतच आहे.

औषध चालेनासे का होते?

एकाच औषधाच्या लागोपाठ फवारण्या केल्या म्हणजे त्याला बळी पडणाऱ्या अळ्या मरतात. जन्मतः दाद न देणाऱ्या ज्या मूठभर अळ्या असतात, त्या वाचतात. पुढची पिढी त्यांचीच असते. इंडोनेशियातील जावा बेटावर डीडीटी या अळीवर चालत नाही, अशी नोंद १९५३ सालीच झाली. आपल्याकडे पंजाबात १९६८ साली तसेच आढळले. बॅसिलस थुरिंजिएन्सिस म्हणजे बी.टी. या जिवाणूपासून केलेल्या औषधालाही शेतातील अळी दाद देईना, हे १९९० साली हवाई बेटांवरून प्रसिद्ध झाले. अलीकडच्या डायअमाइड गटातील औषधांबाबत थायलंड, फिलिपिन्स आणि चीनमध्ये थोड्याच वर्षांत हाच अनुभव आला. नवीन आणि महाग औषध आले म्हणजे प्रश्न कायमचा सुटला, असे या किडीच्या बाबतीत एकदाही झालेले नाही.

औषध लागू पडत नाही असे दिसले की आपण मात्रा वाढवतो, दोन-तीन औषधे एकत्र करतो, फवारणी आठवड्याहून लवकर घेतो. यामुळे अळी आणखी सरावते आणि तिचे शत्रू असलेले किडे मात्र मरतात. म्हणून आधी एक गोष्ट ठरवली पाहिजे. औषधातच दम राहिलेला नाही, की औषध चांगले असून आपल्या फवारणीत खोट आहे? हे अंदाजाने ठरत नाही. त्यासाठी चाचणी घ्यावी लागते.

न फवारलेल्या वाफ्याचे महत्त्व

विद्यापीठाच्या प्रयोगात प्रत्येक औषधाचे सारख्या मापाचे वाफे असतात. त्यांतच एक वाफा असा असतो की ज्यावर काहीच फवारत नाहीत. पुष्कळ शेतकरी विचारतात, ‘साहेब, हा वाफा किडीला का देता?’ याचे उत्तर एका हिशेबाने समजेल.

समजा, फवारणीपूर्वी दहा झाडांवर ५० अळ्या होत्या. फवारणी केली. सात दिवसांनी मोजल्या तर २० भरल्या. आपण म्हणू, ३० अळ्या कमी झाल्या, म्हणजे औषधाने ६० टक्के काम केले. आता शेजारच्या न फवारलेल्या वाफ्यात पाहू. तिथेही सुरुवातीला ५० अळ्या होत्या आणि सात दिवसांनी २५ राहिल्या. मधे जोराचा पाऊस झाला, काही अळ्या धुऊन गेल्या, काही कोषात गेल्या, काही मित्रकिडींनी खाल्ल्या. औषध न मारताही २५ च उरल्या असत्या. औषध मारल्यावर २० उरल्या. म्हणजे औषधाचे स्वतःचे काम २५ पैकी ५ अळ्यांचे, फक्त २० टक्के. बाकीचे श्रेय पावसाचे आणि निसर्गाचे.

सुरुवातीची संख्या दोन्हीकडे सारखी असेल तर हा हिशेब असाच करावा. न फवारलेल्या वाफ्यातील उरलेल्या अळ्यांतून फवारलेल्या वाफ्यातील अळ्या वजा कराव्यात, न फवारलेल्या वाफ्यातील संख्येने भागावे आणि शंभराने गुणावे. ॲबट या शास्त्रज्ञाने १९२५ साली मांडलेल्या सूत्राचा हा आधार आहे, आणि कीटकनाशकाच्या प्रयोगात ते सूत्र आजही वापरतात.

याच्या उलटही घडते. फवारलेल्या वाफ्यात अळ्या ५० च्या ५० च दिसतात आणि आपण औषधाला शिव्या देतो. पण न फवारलेल्या वाफ्यात त्याच वेळी त्या १५० झालेल्या असतात. तिथे औषधाने बरेच काम केलेले असते. शेजारी कोरा वाफा नसेल तर या दोन्ही गोष्टी कळत नाहीत.

चाचणीची मांडणी

आपल्याला दोन औषधे तपासायची आहेत असे धरू. ‘अ’ म्हणजे नेहमीचे औषध, ‘ब’ म्हणजे नवीन औषध आणि ‘क’ म्हणजे काही न फवारलेला वाफा. मांडणी अशी करावी.

१. शेताच्या एकसारख्या भागात, बांधापासून आणि झाडाच्या सावलीपासून दूर, नऊ वाफे आखावेत. प्रत्येक वाफ्यात दहा ओळी आणि ओळीत दहा झाडे असावीत. ४५ × ४५ सें.मी. अंतरावर लावणी असेल तर असा वाफा साधारण साडेचार मीटर लांब-रुंद होतो. नऊ वाफे दोन गुंठ्यांच्या आत बसतात. न फवारलेली झाडे फक्त तीनशे असतात.

२. तीन-तीन वाफ्यांचे तीन गट करावेत. प्रत्येक गटात अ, ब आणि क तिन्ही आले पाहिजेत. कोणता वाफा कोणाला द्यायचा, हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे. आपल्या मर्जीने ठरवले तर चांगला वाफा नकळत आवडत्या औषधाला जातो.

३. एकाच वाफ्यावर निकाल देऊ नये. पाटाजवळच्या वाफ्यात पीक जोमदार असते, कडेच्या वाफ्यात कीड आधी येते. तीन ठिकाणी तोच निकाल आला तर तो औषधाचा समजावा.

४. वाऱ्याने औषध शेजारच्या वाफ्यात उडते. म्हणून वारा शांत असताना फवारावे आणि वाफ्याच्या चारही बाजूंच्या दोन-दोन ओळी मोजणीत धरू नयेत. आत ३६ झाडे उरतात. त्यांतील दहा झाडांना खुंटी लावून ठेवावी.

५. पंप, नोझल, पाणी, वेळ आणि फवारणारा माणूस सर्व वाफ्यांना एकच असावा. औषध बदलताना पंप स्वच्छ धुवावा. चाचणीच्या वाफ्यात दोन औषधे एकत्र करू नयेत. तसे केल्यास काम कोणी केले हे कळत नाही.

चिकट द्रव्याविषयी इथेच सांगतो. कोबीचे पान मेणचट असते. अळवावरच्या पाण्यासारखे औषधाचे थेंब त्यावरून घरंगळतात. एका औषधात चिकट द्रव्य घातले आणि दुसऱ्यात घातले नाही, तर ती परीक्षा चिकट द्रव्याची होईल. सर्व औषधांत ते सारखेच मिसळावे. अळी पानाच्या खाली असते, म्हणून नोझल खालून वर धरून फवारावे.

फवारणीचे पाणीही मोजलेले असावे. आधी पंपात साधे पाणी भरून एक गुंठा फवारून पाहावे. हेक्टरी ५०० लिटर पाणी म्हणजे गुंठ्याला साधारण ५ लिटर पाणी. आपले दोनच लिटर संपत असेल तर लेबलवरच्या मात्रेप्रमाणे मिसळूनही पिकाला निम्म्याहून कमी औषध मिळते. औषध चालत नाही या तक्रारीत अशी प्रकरणेही असतात.

मोजणी केव्हा आणि कशी?

खुंटी लावलेल्या दहा झाडांवरील जिवंत अळ्या फवारणीच्या आदल्या दिवशी मोजाव्यात. नंतर तिसऱ्या, सातव्या आणि चौदाव्या दिवशी मोजाव्यात. पाने उलटी करून आणि मधल्या कोवळ्या पानांच्या बेचक्यात पाहावे. शक्यतो एकाच माणसाने मोजावे, आणि कोणत्या वाफ्यावर काय फवारले आहे हे त्याला माहीत नसेल तर फारच उत्तम. घरातल्या शाळकरी मुलाला हे काम सहज जमते. मात्र तिसऱ्या दिवसाच्या आधी त्याला वाफ्यात पाठवू नये आणि मोजणीनंतर हात साबणाने धुवायला लावावेत.

दुसऱ्याच दिवशी सकाळी निकाल लावू नये. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील औषधाने अळी लगेच पडते, म्हणून ते जोरदार वाटते. बी.टी. किंवा इमामेक्टिन बेंझोएट पोटात गेलेली अळी लवकरच खाणे थांबवते, पण मरायला दोन-चार दिवस घेते. नोव्हॅल्युरॉन अळीला कात टाकू देत नाही, म्हणून त्याचा परिणाम आणखी उशिरा दिसतो. दुसऱ्या दिवशी अळी जिवंत दिसली म्हणून यांतले एखादे औषध वाया समजून वर दुसरे मारणे म्हणजे दुप्पट खर्च. अळी हलते की नाही यापेक्षा नव्या पानावर ताजी खरवड दिसते का, ते पाहावे.

वहीत आणखी एक रकाना ठेवावा तो मित्रकिडींचा. ढालकिडे आणि त्यांच्या अळ्या माव्याला खातात. कोटेशिया नावाची लहान गांधीलमाशी डायमंडच्या अळीत अंडी घालते. तिचा कोष पांढरा, घट्ट आणि लहानशा दाण्याएवढा असतो. डायमंडचा स्वतःचा कोष जाळीदार असतो आणि आतला जीव बाहेरून दिसतो. पांढरे घट्ट कोष अंड्यांचे समजून चिरडू नयेत. अळी मारणाऱ्या औषधाने ढालकिडेही संपले, तर पंधरा दिवसांनी माव्यासाठी वेगळी फवारणी करावी लागते. तो खर्च त्याच औषधाच्या नावावर लिहावा.

निकाल पैशात काढा

अळ्या किती मेल्या एवढ्यावर औषध निवडू नये. काढणीच्या वेळी प्रत्येक वाफ्यातील बाजारात जाण्याजोगे गड्डे मोजावेत. समजा, गुंठ्यातील ५०० झाडांपैकी ‘अ’ औषधावर ४०० गड्डे विकण्याजोगे निघाले आणि औषध-मजुरीचा खर्च १२० रुपये आला. ‘ब’ औषधावर ४३० गड्डे निघाले आणि खर्च २०० रुपये झाला. गड्डा ५ रुपयांनी गेला तर ३० जादा गड्ड्यांचे १५० रुपये मिळतात, ८० रुपये जादा खर्च भरून निघतो आणि ७० रुपये सुटतात. पण भाव पडला आणि गड्डा २ रुपयांनी द्यावा लागला तर ६० रुपयेच मिळतात आणि २० रुपये अंगावर येतात. कोबीचा भाव कसा पडतो हे जाधववाडीच्या बाजारात माल नेणाऱ्याला सांगायला नको. म्हणून हा हिशेब स्वतःच्या आकड्यांनी करून पाहावा.

कोणती औषधे तपासावीत?

भाजीपाल्यावर मोनोक्रोटोफॉस वापरण्यास २००५ पासून मनाई आहे. एन्डोसल्फान २०११ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने बंद झाले. डायक्लोरव्हॉस २०२० अखेर बंद झाले. जुन्या पुस्तकांत ही नावे आढळतील, ती विसरावीत. जे औषध घ्याल त्याच्या लेबलवर कोबीचे पीक आणि ही कीड, दोन्ही लिहिलेली असली पाहिजेत.

कोबीवर या किडीसाठी शिफारस असलेली काही औषधे ५०० लिटर पाण्याच्या हिशेबाने, १० लिटर पाण्यासाठी अशी आहेत.

क्लोरॅंट्रानिलीप्रोल १८.५ एस.सी. – १ मि.लि., फवारणी ते काढणी ३ दिवस.
इमामेक्टिन बेंझोएट ५ एस.जी. – ३ ते ४ ग्रॅम, ३ दिवस.
स्पिनोसॅड २.५ एस.सी. – १२ ते १४ मि.लि., ३ दिवस.
इंडोक्झाकार्ब १४.५ एस.सी. – ४ ते ५ मि.लि., ७ दिवस.

ही चारही वेगवेगळ्या गटांतील आहेत. एका पिढीवर म्हणजे साधारण १५ ते २० दिवस एक गट वापरला, की पुढच्या पिढीवर दुसरा गट घ्यावा. नाव बदलले म्हणजे गट बदलला असे समजू नका. क्लोरॅंट्रानिलीप्रोल, सायंट्रानिलीप्रोल आणि फ्लुबेंडिअमाइड ही तीन नावे वेगळी असली तरी तिन्ही डायअमाइड गटातील आहेत. डब्यावरचे मोठे व्यापारी नाव सोडून खाली बारीक अक्षरात लिहिलेले मूळ नाव वाचावे. खरेदीची पक्की पावती घ्यावी.

औषधाबरोबर तपासण्याजोगे उपाय

बंगळूरच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने मोहरीच्या सापळा पिकाची पद्धत दिली आहे. कोबीच्या दर २५ ओळींमागे मोहरीच्या दोन ओळी घ्याव्यात. एक ओळ कोबी लावणीच्या १५ दिवस आधी आणि दुसरी लावणीनंतर २५ दिवसांनी पेरावी. पतंग मोहरीकडे ओढले जातात. मोहरीवरील कीड तिथेच नष्ट करावी, नाहीतर मोहरी किडीचे माहेर होते. एका तुकड्यात मोहरी आणि एका तुकड्यात नाही, असे ठेवून याचीही चाचणी घेता येते. मात्र हे तुकडे मोठे आणि एकमेकांपासून लांब असावेत.

गड्डा धरण्याच्या सुमारास ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा. ५ किलो निंबोळ्या कुटून रात्रभर १० लिटर पाण्यात भिजवाव्यात, सकाळी फडक्यातून गाळून पाणी १०० लिटर करावे आणि २०० ग्रॅम साबणाचा चुरा मिसळावा. अर्क त्याच दिवशी, संध्याकाळच्या वेळी वापरावा.

फवारणीची वेळ कॅलेंडरवर ठरवू नये. सरासरी दर झाडावर दोन अळ्या दिसू लागल्या की फवारावे. त्याआधीची फवारणी बहुधा मित्रकिडींच्याच मुळावर येते.

जिवाची काळजी

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजुरांचे जीव गेले. ते पीक कपाशीचे होते, पण पंप आणि हात आपल्यासारखेच होते. हातमोजे, तोंडाला मुखपट्टी, डोळ्याला चष्मा आणि अंगभर कपडे घालूनच फवारावे. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला तोंड करून फवारू नये. मळमळ, चक्कर, घाम, धूसर दिसणे यांपैकी काही जाणवले तर काम थांबवून दवाखाना गाठावा आणि औषधाचा डबा किंवा लेबल डॉक्टरांना दाखवावे. फवारणी आणि काढणी यांतील लेबलवरचे दिवस पाळावेत. ज्या गड्ड्यावर काल फवारले तो आज बाजारात नेला, तर त्याच गड्ड्याची भाजी कोणाच्या तरी लेकराच्या ताटात जाते.

बंधू-भगिनींनो, परभणीचे कृषि विद्यापीठ १९७२ साली मराठवाड्यासाठी स्थापन झाले. तिथे प्रयोग होतात आणि शिफारशी निघतात. परंतु आपल्या शेतातल्या अळीने आजवर काय काय पचवले आहे, हे आपल्या शेतातच कळेल. एका गावातील पाच शेतकऱ्यांनी येत्या हंगामात मिळून ही चाचणी घ्यावी, एकच नमुना करून वह्या भराव्यात आणि हंगामाच्या शेवटी त्या शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. मांडणी करताना अडचण आली तर पैठण रस्त्यावरील कृषि विज्ञान केंद्रात विचारावे. भरलेली वही घेऊन आलात तर बोलायला अधिक सोपे जाईल. पुढच्या वेळी दुकानात औषध मागताना तुमच्याजवळ स्वतःचे आकडे असतील.